उत्तर: उत्तर: पन्नाशीच्या तोंडावर धावणं आणि गोव्याची फसवी थंडी

प्रेषक: सभासद, पर्वरी

मंडळींनो, नमस्कार.

कोजागरीला बऱ्याच जणांशी ओळख झाली, तरी सांगते. वय सत्तेचाळीस, नोकरी बैठी. शाळा सुटल्यापासून बसमागे सोडलं तर कशामागे धावले नव्हते. दिवाळीनंतर नणंदेने ओढून नेलं आणि आता पाच-सहा किलोमीटर न थांबता होतात. चक्क मजा येते. वास्कोजवळ चिखलीला डिसेंबरात रिव्हर मॅरेथॉन असते, पुढच्या खेपेला तिथे हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, धावायचं मनात आहे.

प्रश्न असे. सासूबाई म्हणतात, या वयात धावलं की गुडघे झिजतात. खरं का? ही छान हवा गेली की पुढे काय करायचं? आणि जानेवारी लागल्यापासून माझा वेग आपोआप वाढतोय, तर आता रोजच धावायला सुरुवात करू का?

*

प्रेषक: सभासद, फोंडा

वहिनी, आमच्या घरातला कुत्रा रोज सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलमागे धावतो. आम्ही त्याच्यावरच भागवतो. तुम्हाला शुभेच्छा.

*

प्रेषक: सभासद, ताळगाव

ताई, शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण ग्यानबाची मेख तिथेच आहे.

तुमचा वेग वाढतोय त्यात हवेचा वाटा मोठा आहे. राग मानू नका. या दिवसांत पहाटे पणजीत पारा विशीच्या आसपास उतरतो आणि रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो, तोही कोरडा. घाम आला की वाळतो, आणि घाम वाळला तरच अंग निवतं, नुसता गळून उपयोग नाही. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात हवाच ओलीचिंब असते. मग अंग थंड ठेवायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, पायांच्या वाट्याला कमी येतं आणि तेवढ्याच वेगासाठी हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात. जानेवारीत हा जाच नसतो. दम लागत नाही, म्हणून माणूस सुटतो.

आणि तिथेच फसतो. दमसास लवकर वाढतो, काही आठवड्यांत फरक कळतो. स्नायूही फार मागे राहत नाहीत. पण टाचेमागची जाड शीर, जिला अकिलीस म्हणतात, आणि नडगीचं हाड यांचं काम महिन्यांच्या हिशेबाने चालतं. हाड जुना भाग खरवडून नवा भरतं, त्या एका फेरीला तीन-चार महिने लागतात. पंचेचाळिशीनंतर सगळंच आणखी सावकाश. वरात दारात आणि मांडव अर्धाच घातलेला, अशी गत होते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर दर वर्षी बघतो. नोव्हेंबरात कोऱ्या बुटांची झुंबड, जानेवारीअखेर त्यातले कितीतरी पोटरीला पट्टा गुंडाळून लंगडताहेत, मार्चमध्ये पुन्हा आम्ही जुनेच चेहरे.

म्हणून रोज नको. आठवड्यात चार दिवस पुरेत: तीन दिवस बेताचं, रविवारी लांब. थंडी आहे तोवर वेळ वाढवा, वेग राहू द्या. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी धावा. सावकाश म्हणजे किती, तर सोबतीणीला नणंदेची तक्रार पूर्ण वाक्यांत सांगता आली पाहिजे. (नणंदच सोबत असेल तर सासूची.) मनगटावरच्या घड्याळातल्या, हृदयाच्या ठोक्यांच्या रंगीत पट्ट्यांना फार मान देऊ नका. जास्तीत जास्त ठोके काढायचं २२० वजा वय हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसात दहा-बारा ठोके सहज इकडचे तिकडे होतात.

आठवड्यातून दोनदा घराच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करा, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका. खाली येताना सावकाश या. हे अतिशय कंटाळवाणं आहे, म्हणून लोक बूट चार हजारांचे घेतात आणि हे करत नाहीत.

आता कुठे धावायचं. कांपालपासून मिरामारमार्गे दोना पावलापर्यंतचा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचा दोष कोणी सांगत नाही. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. सतत एकाच कडेने गेलात की एक पाय खालीच पडतो आणि कमरेच्या बाजूला, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागतं. वाहनं नसतील तिथे मधूनमधून कड बदला. वाळूवर जायचं तर भरती-ओहोटी बघून. पाणी ओसरल्यावर जो घट्ट ओला पट्टा राहतो तेवढाच कामाचा. स्वतःच्या पावलाचा ठसा वळून बघा: टाच बोटभर रुतलेली दिसली तर मुकाट्याने रस्त्यावर या, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरावा लागेल.

पणजीच्या पाटोवरून रायबंदरला जाणारा जुना बांध माझा आवडता. १६३० च्या दशकातलं पोर्तुगीज काम, तीनेक किलोमीटर सपाट. एकीकडे मांडवी, दुसरीकडे खारफुटी आणि मिठागरं. रस्ता मात्र अरुंद आहे, बसगाड्या सुरू व्हायच्या आत आटपायचं. लांब पल्ल्यासाठी जुन्या गोव्याहून फेरीबोट पकडून दिवाडी. शेतांमधून सपाट रस्ते, वाहनं तुरळक, आणि चढाचा सराव हवाच असेल तर पियेदादच्या टेकडीवरची इगर्ज (चर्च) आहे.

नाताळ ते नववर्ष कळंगुट-बागा पट्ट्यात पहाटे जाऊच नका. त्या वेळी रस्त्यावर असलेली माणसं लवकर उठलेली नसतात, ती अजून झोपलेलीच नसतात, आणि गाडी भाड्याची असते. एरवीही वाहनं असतील तिथे उजव्या कडेने धावा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. कुत्रं मागे लागलं तर थांबा, त्याच्याकडे तोंड करा आणि चालत पुढे व्हा. पळणाऱ्याला बघून त्याला चेव येतो.

खाण्याचं थोडक्यात. पोदेर यायच्या आधी निघायचं असतं, तेव्हा एखादं केळं किंवा आदल्या संध्याकाळचा अर्धा उंडो (पाव) पुरतो. परत आल्यावर नारळाच्या रसातलं, गूळ घातलेलं नाचणीचं तिझान, म्हणजे पेज. बाजारातल्या पावडरींपेक्षा मला तेच मानवतं.

फेब्रुवारीनंतरचं विचारलंत. उकाड्याला शरीर सरावतं, त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. मार्चमध्ये ते दोन आठवडे घड्याळ घरी ठेवा, कारण तोच वेग जड जाणार आणि उगाच मन खट्टू होणार. खरी कसोटी जून ते सप्टेंबर. शेवाळलेले रस्ते, पाण्याखाली लपलेले खड्डे, ओले मोजे, मांड्या आणि काखा घासून सोलवटणं (व्हॅसलीन, दुसरा इलाज नाही). थंडीच्या देशातले लोक हिवाळा अंगावर काढतात, आपण पावसाळा काढतो. डिसेंबरातली हाफ जुलैत कमावायची असते. त्या दिवसांत पल्ला लांब असेल तर नुसतं पाणी ढोसू नका. घामातून मीठ जातं आणि वर भसाभस पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून चक्कर, उलटी, प्रसंगी त्याहून वाईट होतं. लिंबू-मीठ-साखर चालेल.

*

प्रेषक: सभासद, मूळ मडगाव, सध्या टोरोंटो

काका, थंडी फसवते हे पटलं. आमच्याकडची फसवत नाही, दारातच थोबाडीत देते.

डिसेंबरअखेर इथे सूर्य पावणेआठनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. नोकरी करणाऱ्याने शनिवार-रविवार सोडून कधीही धावलं तरी काळोखच. माझा इथला अनुभव असा की उणे दहापेक्षा वारा जास्त छळतो. जाताना वारा तोंडावर घ्यायचा आणि परतताना पाठीवर. उलट केलंत तर घामाने भिजलेलं अंग परतीच्या वाटेवर गारठतं. सुती बनियन तर शत्रू, भिजला की भिजलेलाच राहतो. बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटं कुडकुडायला झालं पाहिजे. दारातच उबदार वाटलं म्हणजे कपडे जास्त झाले. आणि फुटपाथवर पातळ काचेसारखा बर्फ असतो, तो दिसत नाही, ढुंगणाला कळतो.

लिहायचं कारण वेगळं. इथून जवळच मिल्टन नावाच्या गावात एड व्हिटलॉक राहत. तरुणपणी धावायचे, मग बरीच वर्षं सुटलं, चाळिशीत पुन्हा लागले. २००३ मध्ये वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, २ तास ५९ मिनिटं १० सेकंदांत संपवली. सत्तरी उलटलेल्या माणसाने तीन तासांच्या आत येण्याची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षी ते आणखी चार मिनिटांहून अधिक लवकर आले. सराव कुठे करायचे? घराजवळच्या दफनभूमीत. फेऱ्यांवर फेऱ्या, कधी सलग तीन तास, आणि स्पर्धेच्या वेगापेक्षा कितीतरी सावकाश. ताई, काकांचं ऐका.

*

प्रेषक: सभासद (डॉक्टर), मडगाव

सासूबाईंच्या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही, म्हणून मधे तोंड घालतो.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याच्या झिजेचं प्रमाण साडेतीन टक्के निघालं, बसून राहणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांच्या वर आणि स्पर्धेसाठी धावणाऱ्यांमध्ये तेरा टक्क्यांच्या वर. धावल्यामुळे गुडघे सुधारतात असा अर्थ लगेच काढू नये. ज्यांचे गुडघे चांगले, तेच धावत राहतात, असंही असू शकतं. पण धावलं की झिजलेच, हे काही त्यातून निघत नाही. गुडघा आधीच सुजत असेल किंवा जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी, आधी दाखवून घ्या.

मला काळजी गुडघ्यांपेक्षा दुसरीच. ताईंच्या वयात इस्ट्रोजेन उतरू लागतं आणि हाडांची घनता कमी होते. त्याच काळात पाळी जड जात असेल तर शरीरातला लोहाचा साठा आटतो. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि तरी पाय उचलत नाहीत, अशा वेळी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचं माप, तपासावं. ड जीवनसत्त्वही बघून घ्यावं, आपण उन्हाच्या मुलखात राहतो पण दिवसभर कचेरीत असतो.

नडगीवर सबंध पट्टा दुखत असेल तर धावणं कमी करून बघता येतं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता आली आणि तिथे दाबल्यावर कळ आली तर धावणं त्याच दिवशी बंद, हाडाला बारीक तडा असू शकतो. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीच्या वेगाला अचानक धाप, यातलं काही झालं तर तडक इस्पितळ. पित्त झालं म्हणून सोडा पिऊन झोपणारे आपल्या मंडळात आहेत, त्यांची नावं घेत नाही.

आणखी एक. रक्तदाबाची गोळी बीटा ब्लॉकर जातीची असेल तर ठोके फारसे वर जात नाहीत. अशांना घड्याळ काहीही सांगो, काकांची तक्रारीची कसोटीच खरी.

*

प्रेषक: सभासद, पर्वरी

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांची मेल सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी नेमके तेरा टक्के उचलले. म्हणाल्या, "म्हणजे स्पर्धेला जायचं नाही हेच ना?" आता चिखलीची हाफ ही स्पर्धा की हौस, यावर घरात खल चालू आहे. नवरा तटस्थ आहे.

पायरीवरचा व्यायाम सुरू केला. फेरिटिनचं रक्त उद्या देते.

काका, एका बाबतीत मात्र तुमच्याशी जमत नाही. बसगाड्या सुरू व्हायच्या आत रायबंदरच्या बांधावर, हा सल्ला पुरुषांना ठीक आहे. जानेवारीत सात वाजेपर्यंत धड उजाडत नाही. काळोखात खारफुटीच्या कडेने, मैलभर माणूस नाही, अशा ठिकाणी आम्ही एकट्या जाणार नाही, आणि तिथे वाहनांपेक्षा मला थांबलेल्या वाहनाची भीती जास्त वाटते. तीन-चार जणी असलो तर प्रश्नच नाही. नसलो तर मी उजाडल्यावर सोसायटीभोवती फेऱ्या मारीन, व्हिटलॉकसाहेबांसारख्या. तिथे रस्त्याची धूळ खावी लागते, ती खाईन.

म्हणून विचारते, येत्या रविवारी दिवाडीला कोण कोण येतंय? आम्ही दोघी नक्की. जुन्या गोव्याच्या फेरी धक्क्यावर साडेसहाला जमू, पलीकडे पोचेपर्यंत फटफटेल. ज्यांना धावायचं नाही त्यांनी चालावं. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत, पर्वरी किंवा पणजीतून घेऊ शकते. फोंड्याच्या भावोजींनी कुत्र्याला आणलं तरी चालेल.