गो ऑफ : अलार्म वाजला की बंद पडला?

काल भाचीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते, वाक्य होतं ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह’ आणि तिने लिहिलेलं, पाच वाजता अलार्म बंद पडला. तिचं काय चुकलं? लाइट ऑफ, फॅन ऑफ, मोबाइल स्विच ऑफ, आपल्याकडे ऑफ म्हणजे बंदच, मग अलार्मच तेवढा ऑफ होऊन वाजतो कसा? बरं ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे खरंच लाइट गेले, तिथे तोच वेंट ऑफ बंदच करतो.

एका एफचा ऑफ आणि दोन एफचा ऑफ हे मुळात एकच शब्द, पुरते वेगळे झाले ते १७ व्या शतकात, आणि जुना अर्थ ‘पासून दूर, सुटून’. हे सुटणं धरून ठेवलं की पुष्कळ उलगडतं. बंदुकीतून गोळी सुटते, बॉम्ब फुटतो, तिथेही इंग्रजीत वेंट ऑफच. मला तर आजोबांचं चावीचं घड्याळच आठवतं, रात्री अलार्मची चावी भरून ठेवायची, पहाटे अडकवलेली कळ सुटली की ती इवलीशी हातोडी घंटीवर जी बडवायला लागायची!

दुधाची गंमत वेगळीच. ब्रिटिश लोक खराब झालेल्या दुधालाही गॉन ऑफ म्हणतात, अमेरिकन बहुतेक गॉन बॅड म्हणतात. मराठीत मात्र दूध नासतं, वरण विटतं, भात आंबतो, खोबरं खवट होतं, त्यामुळे भाषांतर करताना आधी पातेल्यात काय आहे ते बघायला हवं, सगळीकडे ‘खराब झालं’ लिहिलं तर आपले इतके चांगले शब्द वाया जातात.

आणि ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफीवरून मन उडालं. इथे मी थांबलेच, कारण आपलं ‘उडणे’ अगदी असंच दोन्हीकडे चालतं की. फ्यूज उडाला म्हणजे बंद, बार उडाला म्हणजे धडाम! भाचीला हे सांगितल्यावर तिला पटकन कळलं, तिने खोडून ‘वाजला’ लिहिलं. शिवाय ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल’ला आपण ‘लग्न छान पार पडलं’ म्हणतो ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर घरातल्या बोलण्यात ‘लग्नाचा बार मस्त उडाला’ हेच जास्त जवळचं.