सुभेदारांच्या नावानं चौक, कमान आणि अर्धपुतळा : बावड्यातल्या मंडळींना काय वाटतं?

बावड्याचा_गडी

कोल्हापुरातल्या आमच्या कसबा बावड्यातले एक निवृत्त सुभेदार गेल्या महिन्यात वारले. बेळगावला ट्रेनिंग, मग मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरहून रातोरात निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानच्या ३१ बलुच रेजिमेंटला या पलटणीनं अडवलं, त्यात हे होते. त्या रात्रीबद्दल विचारलं की "थंडी लई होती" एवढंच सांगायचे.

निवृत्तीनंतर पहाटे पाचला मैदानावर शिट्टी घेऊन हजर. भरतीची पोरं पळवायची, फी नाही. भागातल्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या बायकांची पेन्शनची कागदं बघायची. २०१९ च्या पुरात कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठल्या गोठ्यात किती जनावरं, हे साखर कारखान्याच्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून ठेवलं होतं. त्याच यादीवरून पोरं घरोघर फिरली.

आता मंडळानं ठरवलंय : कोपऱ्यावरच्या चौकाला त्यांचं नाव, वर कमान, शेजारी अर्धपुतळा. घरटी वर्गणी सुरू झाली आहे. माझा विरोध आहे. नावाला नाही, कमान आणि पुतळ्याला. त्या पैशात मैदानावर दोन हायमास्ट दिवे लावा आणि पेन्शनच्या कामाला एक माणूस बसवा. पटत नसेल तर बोला.

शिवाजी_पेठ_कट्टा

भावा, दिवे लावणं महापालिकेचं काम आहे. ते वर्गणीतून करायचं आणि माणसाच्या नावाला मात्र पैसे नाहीत, हे कुठलं गणित? नगरसेवकाच्या काकांच्या नावानं कमान होते तेव्हा कुणी धागा काढत नाही. एक फौजी मिळाला तर लगेच काटकसर आठवली.

टाकळीचा_फौजी (निवृत्त हवालदार)

मी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा. आमच्यात घरटी फौजी. प्रत्येकाच्या नावानं चौक करायचा म्हटलं तर चौक पुरायचे नाहीत. म्हणून अख्ख्या गावाच्या नावातच सैनिक आलाय, भांडण मिटलं.

दुसरं. अंत्ययात्रेत मंडळाच्या पोरांनी पार्थिवावर तिरंगा घातला होता. फोटो बघितले, वाईट वाटलं. ध्वजसंहितेप्रमाणं सरकारी, लष्करी आणि निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीलाच तिरंगा घालता येतो, तोही चितेवर जाऊ द्यायचा नाही. सुभेदार असते तर पहिलं त्यांनीच ओरडून काढायला लावला असता. आता अर्धपुतळ्याच्या अनावरणाला परत तिरंगाच ओढून घेतील. पुतळा झाकायला तो वापरायचा नसतो, एवढं तरी कुणी सांगा रे त्यांना.

शिवाजी_पेठ_कट्टा

चुकलं असेल तिरंग्याचं. पोरांचं प्रेम होतं, नियम माहीत नव्हता. पण त्यावरून चौकच नको हे कसं काय?

कायदा_बोलतो

चौकाला नाव द्यायला महापालिकेची मंजुरी लागते, ती मिळू शकते. अडचण बांधकामाची आहे. सर्वोच्च न्यायालयानं १८ जानेवारी २०१३ ला राज्यांना बजावलंय की सार्वजनिक रस्ते, फुटपाथ अशा ठिकाणी नवे पुतळे किंवा बांधकामं होऊ देऊ नका. कमान आणि अर्धपुतळा रस्त्यातच येणार. उद्या कुणी कोर्टात गेला आणि सुभेदारांच्या नावाच्या बांधकामावर अतिक्रमणाची नोटीस चिकटली तर त्यांच्या घरच्यांनी तोंड कुठं लपवायचं?

रंकाळ्यावरची_मास्तरीण

मी नावाच्या बाजूनं आहे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूरचे. पूर्व विभागाचे लष्करप्रमुख होते, चीनकडून धोका आहे हे १९६२ च्या आधीच सांगत होते. वर्गात विचारलं तर एक हात वर होत नाही. जनरलची ही गत, तर सुभेदाराला वीस वर्षांनी कोण ओळखणार? साधा फलक लावा, पण त्यावर पलटण, जमालपूर आणि पुरातलं काम, सगळं लिहा. पोरं शाळेत जाता-येता वाचतील. नुसतं "स्व. अमुक चौक" लिहून काही होत नाही, हेही खरं.

भरतीवाला

मॅडम, फलक कोण वाचतंय? मी त्यांच्या हाताखाली पळालोय. अग्निवीरला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर ६० मार्क. साडेपाचच्या वर गेलो की मार्क कमी कमी होत जातात, सव्वासहाच्या वर गेलो की खेळ खल्लास. सुभेदार तिसऱ्या चक्कराला मधेच आडवे यायचे आणि "हात खाली सोड, खांदे वर कशाला घेतलास?" म्हणून ओरडायचे. त्यावर माझे सहा-सात सेकंद कमी झाले. आता लेखी परीक्षा आधी असते, तर गेल्या दोन वर्षांत ते रात्री गणिताची पुस्तकं घेऊन बसायला लागले होते, पोरांना विचारायचं म्हणून. आत्ता मैदानावर कोणच येत नाही. पोरं अंधारात मोबाईलची टॉर्च लावून पळालीत. कमानीची वर्गणी मागायला आलेत त्यांतलं एकजण तरी पहाटे पाचला उठणार हाय काय?

शिवाजी_पेठ_कट्टा

मी उठतो. बोल.

भरतीवाला

उद्या ये. बघतोच.

सरळ_बोलतो

थोडं कडू बोलतो. सीमेवर ज्यांचा जीव गेला, त्यांच्या घरच्यांना काय वाटेल? नोकरी केली, पेन्शन घेतली, वय झालं, गेले. चांगला माणूस होता, मान्य. पण वीरगती आणि म्हातारपण एका कमानीखाली आणू नका.

टाकळीचा_फौजी

दादा, जमालपूरला गोळी डावीकडून गेली की उजवीकडून, हे सुभेदाराच्या हातात नव्हतं. वाचला हा काय त्याचा गुन्हा? वीरगतीचा मान वेगळाच आहे, तो कुणी मागत नाही. हा मान नंतरच्या कामाचा आहे, ज्याचा पगार नव्हता.

गल्लीतलीच_एक

सगळे बोललात, सुभेदारांच्या घरात कुणी डोकावलं का? त्यांच्या मागं आजींची फॅमिली पेन्शन अजून सुरू नाही. रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं. फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर अर्ज अडकलाय, मुलगा पुण्याला, आजींना ओटीपी म्हणजे काय ते कळत नाही. असल्या केसेस सोडवायला भागातल्या बायका ज्यांच्याकडं जायच्या, ते सुभेदारच होते. वर्गणीवाले परवा आजींकडंही पावती घेऊन गेले होते. त्यांनी पाचशे दिले, आतून आणून.

शिवाजी_पेठ_कट्टा

ही पावती कुणी फाडली?

गल्लीतलीच_एक

नाव इथं नको. पैसे परत करा, तेवढं पुरे.

बावड्याचा_गडी

आजींची कागदं घेऊन सोमवारी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जातोय. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, लग्नाची नोंद, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणखी काय लागेल? टाकळीचे दादा, तुम्ही या कामातनं गेलाय, सोबत येणार का?

टाकळीचा_फौजी

येतो. मृत्यूचा दाखला विसरू नका, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा.

शिवाजी_पेठ_कट्टा

आजींचे पाचशे आजच परत जातील, मी बघतो. पण चौकाला नाव लागणारच. कमानीचं मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलू, पुतळ्याचा मी आग्रह धरत नाही.

सरळ_बोलतो

माझं मत बदललेलं नाही.