सासूबाईंना बायसाकोडिल देऊ का?

प्रश्न:
सासूबाई ७४ वर्षांच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रामाडॉल ही दुखणं कमी करणारी गोळी चालू आहे आणि पोट साफच होत नाही. रात्री इसबगोल देते, पण वॉकर घेऊन संडासला जायला नको म्हणून त्या पाणी घोट-घोटच पितात. डॉक्टरांनी आता पोट साफ होण्यासाठी बायसाकोडिल ५ मिग्रॅ लिहून दिलंय. शेजारच्या काकू म्हणतात, सवय लागते. देऊ का?

उत्तर १:
मेडिकलच्या काउंटरवर आयुष्य गेलं, म्हणून सांगतो. ट्रामाडॉल आतड्यांची हालचालच मंद करतं. त्यात कमी पाण्यावर इसबगोल म्हणजे तुंबलेल्या गटारात आणखी गाळ. इसबगोल आधी डॉक्टरांना विचारून थांबवा. बायसाकोडिल आतड्यांना हालवतं. झोपताना द्या, ६ ते १२ तास लागतात. गोळी अख्खी गिळायची. चावायची, कुटायची नाही. दुधासोबत तर मुळीच नाही, वरचं आवरण जठरातच विरघळतं आणि मुरडा येतो. अँटासिडही तासभर लांब ठेवा.

प्रश्नकर्ती:
अगंबाई! त्या सगळ्या गोळ्या हळदीच्या दुधासोबतच घेतात.

उत्तर १:
मग दूध संध्याकाळी द्या. सवयीचं म्हणाल, तर डॉक्टरांनी सांगितलेत तेवढे दिवस खुशाल द्या. वर्षानुवर्षं चूर्ण फाकणाऱ्यांना काकू काही बोलत नसतील. त्यातली सोनामुखी याच जातीची!

उत्तर २:
पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा वाराही सरत नसेल, तर मात्र गोळी न देता थेट दवाखाना गाठा.