जुन्या एमजीबीचे ब्रेक आणि काटे

प्रश्न: माझी 1972 ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मी इथे बर्मिंगहॅममध्ये घरीच नीट करतोय. पेडल सोडलं तरी पुढचं डावं चाक धरूनच राहतं, हात लावला की चटका बसतो. शिवाय टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा फुल दाखवतो. मोठे कॅलिपर (चाकाची डिस्क दाबून धरणारे ब्रेकचे भाग) घ्यावेत का?

उत्तर: थांब रे, आधी ब्रेकचा रबरी होज (ऑइलची नळी) बदल. जुना होज आतून फुगतो, ब्रेक ऑइल मागे येत नाही. माझा कापून पाहिला, सुईएवढंच भोक उरलेलं! स्टीलच्या जाळीचे होज लाव, डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल भर. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नकोस.

उत्तर: काट्यासाठी डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर (काट्याला ठरावीक व्होल्टेज देणारा भाग) बघ. तिथे सरासरी 10 व्होल्टच हवेत. त्याचं अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) सुटलं की काट्याला पूर्ण 12 जातात, म्हणून तो जास्त दाखवतो.

प्रश्नकर्ता: दादा, चाक आता बोटाने फिरतंय! अर्थिंगचा स्क्रू गंजलेलाच निघाला.