मालवाहू विमानाला बिनड्रायव्हरची गाडी भिडवायची का?

सोनेगावचा शेजारी
आमच्या वस्तीतले जुने लोक अजून रात्रीच्या टपाल विमानांच्या गोष्टी सांगतात. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या वाटेनं परत. सगळं हातानं.

आता लष्करी विमानांत माल चढवायला-उतरवायला आपोआप चालणाऱ्या गाड्या आणायचा विचार आहे आणि मी त्या बाजूचा आहे. सी-१७ या मोठ्या मालवाहू विमानात पॅलेटच्या (माल रचून बांधायच्या सपाट पाटांच्या) १८ जागा. एक पॅलेट ८८ बाय १०८ इंचांचं, भरलं की साडेचार टनांपर्यंत. अमेरिकेचा मोठा 'टनर' लोडर, म्हणजे पॅलेट विमानाच्या दारापर्यंत उचलून देणारी गाडी, एका वेळी सहा नेतो, म्हणजे एका विमानाला तीन फेऱ्या. तोवर विमान जमिनीवर उभं. लेहला तर साडेदहा हजार फुटांवर दोन खोकी उचलली की धाप लागते आणि दुपारचा वारा सुटायच्या आत निघायचं असतं. निदान शेड ते विमान एवढा तुकडा गाडीनं आपणहून करावा. यात चूक काय?

निवृत्त लोडिंगवाला
भाऊ, तुम्ही सोप्या कामाला अवघड समजून राहिले. शेडमधून गाडी कोणीही आणतो. शेवटच्या दहा फुटांचं बोला. समोरचा माणूस हातानं खूण करतो, ड्रायव्हर इंच-इंच सरकतो. रॅम्पची, म्हणजे विमानाच्या मागच्या उतरत्या दाराची, कड घासली तं विमान तिथंच अडकलं. त्यात माल चढला की विमान खाली बसते, उतरला की वर येते. लोडरचा डेक, म्हणजे माल ठेवायचा वरचा पाट, सारखा जुळवत राहावं लागते.

अन् खरं काम तं त्याच्यापुढं आहे. कोणतं पॅलेट कुठं, तोल किती मागं गेला, नेट ताणली का, साखळी कोणत्या कड्यात. अफगाणिस्तानातलं बग्राम आठवा, २९ एप्रिल २०१३. नागरी कंपनीचं मालवाहू बोईंग ७४७, आत सैन्याच्या चिलखती गाड्या. उड्डाण करताच मागची गाडी सुटली, मागं सरकली अन् शेपटीकडची यंत्रणा तोडली. सातही जण गेले.

मिहानवाली
काका, त्या गाड्या माणसांनीच बांधल्या होत्या ना? चौकशीत दिसलं की बांधायची पद्धतच अपुरी होती. मग माणूस होता म्हणून काय वाचलं?

डेक जुळवण्याचं म्हणाल तर ते सेन्सरला आपल्यापेक्षा चांगलं जमतं. न थकता, रात्री तीन वाजतासुद्धा. आणि एक गोष्ट कोणी बोललंच नाही: लोडरमध्येच वजनकाटा बसवला, तर पॅलेटवर चिकटवलेला आकडा आणि खरं वजन जुळतं की नाही ते चढवण्याआधीच कळेल. तोलाचा हिशेब तिथूनच तर बिघडतो.

कळमन्याचा पोट्टा
म्हणजे हमाल गेला. १९६९ चा माथाडी कायदा बाजारातल्या हमालासाठी आहे, धावपट्टीवरच्यासाठी कोण उभं राहीन?

सोनेगावचा शेजारी
@पोट्टा, तिथं हमाल नसतो रे, वर्दीतला माणूस असतो. त्याला कोणी घरी पाठवत नाही. (बाकी कळमन्यात संत्र्याच्या पेट्या उतरवणाऱ्यांबद्दल वेगळा धागा काढ, मी येतो.)

निवृत्त लोडिंगवाला
मिहानवाली ताई, वजनकाट्याचं पटलं. तो उद्याच बसवा.

पण बग्रामचा धडा तुम्ही उलटा वाचला. शिकवलेली पद्धतच अपुरी असली, तं मशीन तीच पद्धत दरवेळी बिनचूक करीन. माणसाला निदान शंका येते. एखादा म्हाताराड म्हणते, "हे मले बरोबर दिसत नाही, थांबवा." मशीनले तसं वाटणार कसं?

आणखी एक. युद्धात लोडर मिळतोच असं नाही. रॅम्प उघडा ठेवून विमान झटक्यात पुढं घ्यायचं अन् पॅलेट मागं जमिनीवर सोडून द्यायची, हा प्रकार त्याचसाठी आहे. आपल्या जुन्या आयएल-७६ विमानात तं छतालाच माल उचलायची यंत्रं होती, म्हणून जमिनीवर काही नसलं तरी भागे.

मिहानवाली
शंका येणारा म्हाताराड प्रत्येक पाळीत असतो का, काका? ज्या रात्री तो नसतो त्या रात्रीचं सांगा. आणि आम्ही त्याला विमानातून काढतच नाही आहोत. त्याला ड्रायव्हरच्या सीटवरून उठवून साखळ्या तपासायला वेळ देतोय.

सोनेगावचा शेजारी
हे मी लिहायला हवं होतं. सही लोडमास्टरचीच, म्हणजे विमानातल्या मालाची जबाबदारी असलेल्या माणसाचीच राहील. गाडी फक्त माल आणून उभी करेल.

निवृत्त लोडिंगवाला
आधी आपल्या मे महिन्यात चालवून दाखवा. ४५ डिग्रीत, भर दुपारी, डांबरावर मृगजळ उठलं असताना कॅमेऱ्याले रॅम्पची कड दिसते का ते पाहू. मी खुर्ची अन् ताक घेऊन सावलीत बसतो.