बीओडी 'कमी' की 'जास्त'? नाग नदीच्या अहवालासाठी

पर्यावरण_एमएस्सी: 'बीओडी कमी झाल्याने मासे मेले' हे वाक्य चालेल का? शिवाय बीओडीच्या चाचणीत बाटली किती दिवस, किती तापमानात ठेवायची, तर पुस्तकात ५ दिवस, २० अंश आहे आणि लॅबच्या रिपोर्टवर ३ दिवस, २७ अंश. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात घेऊ का?

बाटली३००: वाक्य उलटं झालंय. घाण कुजवायला जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागेल तो बीओडी. पाण्यात विरघळलेला असतो तो डीओ. डीओ ही शिल्लक, बीओडी हे देणं. 'बीओडी वाढल्याने डीओ घसरला आणि मासे मेले' असं लिहा. अंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि डीओ किमान ५ हवा.

३ दिवस, २७ अंश ही भारतीय मानकाची पद्धत. उबेत जिवाणू भराभर काम करतात, म्हणून उत्तर ५ दिवसांच्या जवळपास येतं. तरी तक्त्यात दिवस आणि तापमान लिहाच. साधा इन्क्युबेटर (बाटल्या ठरावीक तापमानात ठेवायची पेटी) नुसता तापवतो. मे महिन्यातल्या नागपुरात त्यात २७ अंश मिळणारच नाहीत. थंडही करणारा, कॉम्प्रेसरवालाच हवा.

पर्यावरण_एमएस्सी: धन्यवाद सर. नाल्याचं पाणी किती पातळ करायचं?

टायट्रेशन: २७ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. सांडपाण्याचा बीओडी २०० च्या घरात. तसंच भरलं तर काही तासांत सगळा संपेल. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ६ मिलिलिटर नमुना, बाकी हवा खेळवलेलं डायल्यूशन वॉटर (नमुना पातळ करायचं पाणी). डीओ ७.६ वरून ३.४ वर आला तर घट ४.२ भागिले नमुन्याचा वाटा ०.०२ (६/३००), म्हणजे बीओडी २१०. घट किमान २ आणि शेवटी शिल्लक किमान १ हवी, म्हणून तीन वेगवेगळ्या प्रमाणांच्या बाटल्या लावा. कोऱ्या (नुसतं डायल्यूशन वॉटर भरलेल्या) बाटलीत ०.२ पेक्षा जास्त घट आली तर डायल्यूशन वॉटरच खराब समजा.

क्लोरीन टाकलेल्या पाण्यात जिवाणूच मेलेले असतात आणि बीओडी फसवा कमी दिसतो. आधी सोडियम सल्फाइटने क्लोरीन काढा, मग सीड (जिवंत जिवाणूंचं विरजण) घाला.

बाटली३००: फुटाळ्यासारख्या तलावाचं हिरवट पाणी असेल तर आणखी एक. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, दुपारचा डीओ भरमसाट दिसतो; खरी हालत पहाटे कळते. नमुना २७ अंशांवर आणून जोरात हलवा, जादा वायू जाऊ द्या. बाटली पूर्ण अंधारात ठेवा, बुडबुडा राहू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी विंकलरचा (डीओ मोजायच्या रासायनिक चाचणीचा) साका तपकिरी न येता पांढरा आला तर ऑक्सिजन संपलाय. त्या बाटलीचा आकडा लिहू नका, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावा.