नव्या सार्वजनिक रुग्णालयात जागेची वाटणी कोणत्या आधारावर करावी?

समिती सदस्य (प्रश्न)

सुमारे ३०० खाटांच्या नव्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नियोजन समितीत मी प्रशासनाच्या बाजूने काम पाहतो. सर्व विभागप्रमुखांनी दिलेल्या जागेच्या मागण्यांची बेरीज मंजूर बांधकाम क्षेत्राच्या दीडपट भरली असून, प्रत्येकाची मागणी एक तृतीयांशाने कमी करावी असा प्रस्ताव आता समितीपुढे आहे. वरवर तो न्याय्य दिसतो, तरी मला पटत नाही. कारण ओपीडीबाहेर ताटकळणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठीची जागा कोणत्याही विभागाच्या यादीत मुळात आलेलीच नाही. विभागांच्या मागण्या बाजूला ठेवून वाटणीचा दुसरा कोणता आधार घेता येईल?

वास्तुरचनाकार

सरसकट कपात कृपया स्वीकारू नका. कार्यालय एक तृतीयांशाने लहान झाले तर गैरसोय होते. शस्त्रक्रियागृह तेवढे लहान झाले तर भूलयंत्र, उपकरणांच्या ट्रॉल्या आणि निर्जंतुक क्षेत्र एकत्र मावत नाहीत आणि ती खोली शस्त्रक्रियेच्या उपयोगाची राहत नाही. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासा. या मागण्या केवळ खोल्यांच्या आहेत, की भिंती, मार्गिका, जिने, लिफ्ट आणि डक्ट धरून आहेत? विभाग सहसा खोल्यांचे निव्वळ क्षेत्र मागतात, आणि रुग्णालयात एकूण बांधकाम त्याच्या दीडपटीच्या वर जाणे नेहमीचेच आहे. तसे असेल तर तुमची तूट दिसते त्याहून बरीच मोठी आहे.

प्रतीक्षेच्या जागेसाठी रांगांच्या गणितातला एक साधा नियम वापरावा, जो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला: एका वेळी आत असणारी माणसे म्हणजे ताशी येणारी माणसे गुणिले प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ. ताशी २०० रुग्ण येत असतील आणि केसपेपर काढण्यापासून औषध हाती पडेपर्यंत दीड तास लागत असेल, तर ३०० रुग्ण एकाच वेळी इमारतीत असतात. प्रत्येकासोबत एक नातेवाईक धरला तर ६०० माणसे होतात. हाच वेळ पाऊण तासावर आणला तर आकडा निम्मा होतो. म्हणून नोंदणीच्या खिडक्या किती आणि रक्ततपासणीचे अहवाल कधी मिळणार, हे ठरल्याखेरीज प्रतीक्षागृहाचे क्षेत्र ठरवू नये. हिशेब गर्दीच्या तासांचा धरावा, कारण दिवसभराची सरासरी येथे फसवते.

वॉर्ड परिचारिका

वरील मताशी मी सहमत आहे, पण कपातीची कुऱ्हाड प्रत्यक्षात कोठे पडते हेही समितीने पाहावे. सर्वांत आधी भांडारघर जाते, मग मळके कपडे ठेवण्याची खोली, मग बेडपॅन धुण्याची. वस्तू मात्र नाहीशा होत नाहीत; ऑक्सिजन सिलिंडर, व्हीलचेअर आणि बंद पडलेल्या खाटा मार्गिकेत येऊन उभ्या राहतात, आणि दोन स्ट्रेचर समोरासमोरून जावेत म्हणून ठेवलेली २.४ मीटर रुंदी कागदावरच उरते. औषधे तयार करण्याची जागा वॉर्डच्या एका टोकाला गेली तर सिस्टरांचा वेळ चालण्यात जातो, आणि तेवढा वेळ रुग्णाकडे कोणाचेही लक्ष नसते. प्रत्येक खाट सिस्टरांच्या टेबलावरून दिसते का, हा प्रश्न नकाशा मंजूर करण्यापूर्वी प्रत्येक वॉर्डसाठी स्वतंत्रपणे विचारावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

समिती सदस्य

दोघांचेही आभार. क्ष-किरण विभागाने पुढील वाढीसाठी आतापासूनच रिकाम्या खोल्या मागितल्या आहेत. त्या राखून ठेवाव्यात का?

रुग्णालय अभियंता

रिकामी खोली रिकामी राहत नाही. वर्षभरात तेथे कोणाचे तरी कपाट येते. त्यापेक्षा ज्या विभागांचे स्थलांतर अवघड आणि खर्चिक असते, म्हणजे क्ष-किरण, शस्त्रक्रियागृहे आणि प्रयोगशाळा, त्यांच्या शेजारी अभिलेख कक्ष, सभागृह किंवा कार्यालये ठेवावीत, म्हणजे गरज पडेल तेव्हा ती सहज हलवता येतात. जॉन वीक्स यांनी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाची रचनाच अशी केली, की मुख्य मार्गिकेवरील इमारतींची टोके पुढे वाढवता यावीत. एमआरआयच्या खोलीला काढता येण्याजोगी बाहेरची भिंत आणि यंत्राचे वजन पेलणारा मार्ग आताच आखून घ्यावा. शस्त्रक्रियागृहाच्या वर स्वच्छतागृह येऊ देऊ नये.

क्षेत्राइतकीच बाहेरची भिंतही वाटून द्यायची असते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शनानुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या सर्वसाधारण वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा अपेक्षित आहे, आणि इमारतीच्या पोटात दडलेल्या वॉर्डला ती यंत्राशिवाय मिळत नाही. रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, त्या रुग्णांचा मुक्काम विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कमी होता. खिडक्या आधी वॉर्डांना द्याव्यात. अधिकाऱ्यांच्या कक्षांना उरलेल्या.

ओपीडी वैद्यकीय अधिकारी

तूट भरून काढण्याचा सर्वांत मोठा वाव मला तपासणीच्या खोल्यांत दिसतो. ज्या विभागाची ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस चालते, त्यालाही सहा दिवसांची स्वतंत्र खोली दिली जाते. मेडिसिन, सर्जरी आणि त्वचारोग या विभागांना वारांनुसार एकाच खोल्या वापरता येतील. नेत्रविभागाची अंधारखोली, दंतविभागाची खुर्ची आणि स्त्रीरोग तपासणीची खोली मात्र यातून वगळावी. तेथील उपकरणे आणि रुग्णाचा आडोसा यांची तडजोड करता येत नाही. प्रत्येक विभागाकडून चौरस मीटर मागवण्याऐवजी वार आणि वेळ लिहून मागवा. खोली आठवड्यात किती तास खरोखर वापरात राहील, हे त्या तक्त्यावरून विभागप्रमुखांसमक्षच ठरेल, आणि कोणाची जागा का कमी झाली याचे उत्तर तुम्हाला स्वतंत्रपणे द्यावे लागणार नाही.